वाक्यबाई आणि जोडीतला दुसरा अर्धा

वाक्यबाई हे नाव त्यांना पुस्तकं बांधणाऱ्या बाइंडरने दिलं, आणि ते असं चिकटलं की पुढे व्यवस्थापकही त्यांना त्याच नावाने हाक मारू लागले. त्यांनी कधी हरकत घेतली नाही. कशालाच हरकत घ्यायची नाही, असा त्यांचा एकूण स्वभाव होता. त्याला काही जण सोशिकपणा म्हणत, काही जण थकवा. दोन्हींपैकी खरं कुठलं, हे ठरवण्याइतका पुरावा माझ्यापाशी नाही.

शाळांसाठी सरावपुस्तकं छापणारं ते छोटं प्रकाशन टायरच्या दुकानावरच्या मजल्यावर होतं. जिन्यात रबराचा वास असे, आणि वर आल्यावर त्यात खळीचा वास मिसळे. कागदाच्या गठ्ठ्यांना पाठ लावून बाईंचं टेबल होतं. इंग्रजी व्याकरणाच्या सरावासाठी लागणारी वाक्यं रचणं, हे त्यांचं काम. रिकाम्या जागा भरा, चूक सुधारा, दोन वाक्यं जोडून एक करा, या आज्ञांखाली जी वाक्यं असतात ती कुणीतरी बसून लिहिलेली असतात, याचा विचार ती सोडवणारी मुलं करत नाहीत. बाईंनाही तशी अपेक्षा नव्हती. त्यांची अपेक्षा एवढीच, की ओळ ओळीत मावावी. पान एकदा लागलं की एक शब्द जरी पुढच्या ओळीवर सांडला, तरी खालचा सगळा मजकूर ढकलला जाई, आणि व्यवस्थापकांच्या कपाळाला आठ्या पडत.

बाईंना माणूस कल्पून लिहिता येत नसे, ही त्यांची अडचण होती आणि तीच त्यांची पद्धतही झाली. ‘हू’ने सुरू होणाऱ्या, म्हणजे ‘जो’ किंवा ‘जी’ लावून माणसाचं वर्णन करणाऱ्या उपवाक्यांचा धडा आला, की त्या आधी आजूबाजूच्या कुणाला तरी न्याहाळत, मग लिहीत. नुसतं ‘जो’ असेल तर एका निरीक्षणात भागे. त्यात जोडीने येणारी अव्ययं शिरली की काम दुप्पट होई. ‘नीदर’ आलं की ‘नॉर’ हवंच, ‘बोथ’ आलं की ‘अँड’, ‘नॉट ओन्ली’ म्हटलं की ‘बट ऑल्सो’पर्यंत जावंच लागतं. शिवाय पहिल्या शब्दामागे क्रियापद ठेवलं तर दुसऱ्यामागेही क्रियापदच लागतं, नाहीतर वाक्य लंगडतं. म्हणजे एकाच माणसाविषयी सारख्या घडणीच्या दोन गोष्टी हव्यात. माणसं अशी जोडीने वागत नाहीत, असं बाई म्हणत.

कुणी दुखावू नये म्हणून त्यांनी एक तोड काढली होती. पहिला अर्धा एकाचा घ्यायचा, दुसरा अर्धा दुसऱ्याचा. ‘जो चष्मा शोधतोही आणि तोच चष्मा लावून बसतोही’ यातला शोधणारा व्यवस्थापक होता, लावून बसणारा शेजारचा औषधवाला. छापून आल्यावर प्रत्येकाला अर्धाच स्वतःचा वाटे, आणि अर्ध्यावरून भांडता येत नाही. बाइंडरची तक्रार वेगळीच होती. इतकी वर्षं मी इथे बसलोय, पण बाईंनी मला अर्धासुद्धा घेतला नाही, असं तो येणाऱ्याजाणाऱ्याला सांगे.

बाई मोठ्या भावाकडे राहत. आईवडिलांच्या माघारी घर भावाच्या नावावर झालं होतं, आणि लग्न न केलेल्या बहिणीची खोली स्वयंपाकघराला लागून होती. घरात भाऊ, वहिनी, शाळेत जाणारी पुतणी आणि बाई. भाऊ लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या कंपनीत मेकॅनिक होता. आता बराच काळ घरीच होता. तरी तो रोज सकाळी दाढी करी, इस्त्रीचा शर्ट घाली आणि दाराजवळच्या खुर्चीवर बूट घालून बसे. ऊन जिन्याच्या पायऱ्यांवरून उतरलं की उठून कपडे बदली. कुणी विचारलंच तर म्हणे, रजेवर आहे. शेजाऱ्यांनी विचारणं सोडून दिलं होतं. घरच्यांनी तर सुरूच केलं नव्हतं.

त्या हंगामात काम अंगावर आलं होतं. दोन इयत्तांची पुस्तकं एकदम काढायची होती, आणि बाई संध्याकाळी घरी आल्यावरही ताटावर बसून वाक्यं जुळवत होत्या. ‘नीदर–नॉर’चा सराव भरताना शेवटची ओळ अडली. सकाळी निघताना दाराजवळ भाऊ बसलेलाच होता. बाईंनी ऑफिसात येऊन लिहिलं: तो माणूस, जो ना कामावर जातो, ना काम सोडलं असं कबूल करतो. ओळ नेमकी बसली. दुसऱ्या अर्ध्यासाठी दुसरा माणूस शोधायला हवा होता, हे त्यांना आठवत होतं. शोधायचं त्राण नव्हतं, असं त्या सांगतात. बाइंडरचं म्हणणं असं, की इतकी बरोबर बसलेली ओळ मोडायला त्यांचं मन झालं नसेल. दोन्ही एकदम खरं असू शकतं.

पुस्तक पुतणीच्याच शाळेत लागलं. एका दुपारी ती मोठ्याने वाचत उत्तरं लिहीत बसली होती आणि भाऊ समोरच होता. त्या ओळीपाशी ती थांबली, हसली, आणि म्हणाली, “बाबा, हा तर डिट्टो तुम्ही.” वहिनींच्या सांगण्यानुसार, पोरीच्या मनात काही नव्हतं. भावाला इंग्रजी कामापुरतं येत होतं आणि तेवढं पुरलं. त्याने पुस्तक मागून घेतलं, ओळ वाचली, मुखपृष्ठावर प्रकाशनाचं नाव पाहिलं आणि पुस्तक परत दिलं. त्या दिवसापासून बाई जेवायला बसल्या की तो उठे. मग वहिनींच्या हाती निरोप आला: तिला म्हणावं, दुसरी खोली बघ.

वहिनींनी निरोप सांगताना मान वर केली नाही. त्यांची बाजू अशी, की त्या दोघांच्या मधे राहून त्यांचा जीव मेटाकुटीला आला होता, आणि उपाय तर सोपा होता. पुस्तकाची दुसरी छपाई निघणार होती. “वन्सं, ती ओळ काढून टाका ना. त्यांना नवं पुस्तक दाखवते. माणूस कागदाला भुलतो, मी ओळखते त्यांना.”

काढणं सोपं नव्हतं. पान लागलेलं होतं. ओळ काढली तर सरावात भोक पडणार. तिच्या जागी तेवढ्याच लांबीची दुसरी हवी, आणि तीही त्याच जोडीची, असं व्यवस्थापकांनी सांगितलं. त्यांना कारण ठाऊक नव्हतं. बाईंनी सांगितलंही नाही. पण खरी अडचण पानाची नव्हतीच. वाक्य खरं आहे, अशी बाईंची खात्री होती, आणि घराबाहेर काढतील या भीतीने खरं वाक्य खोडायचं हे त्यांच्या पचनी पडत नव्हतं. म्हणून त्या दोन्ही बाजूंनी चालल्या. दुपारच्या सुट्टीत भाड्याच्या खोल्या बघत. एका खोलीला खिडकी नव्हती, दुसरीची मालकीण एकट्या बाईला जागा देताना नाक मुरडत होती. आणि उरलेल्या वेळात टेबलाशी बसून भावाविषयी एखादं बरं वाक्य शोधत. ‘जो ना कधी लिफ्ट अर्धवट दुरुस्त करून सोडत असे, ना’ इथवर त्या कैकदा आल्या. दुसऱ्या ‘ना’च्या पुढे काय, हे सापडेना. एवढी वर्षं एका छताखाली काढून भावाचा दुसरा अर्धा आपल्याला ठाऊक नाही, ही गोष्ट त्यांना तेव्हा प्रथम जाणवली की पुढे आठवताना जाणवली, हे मी त्यांना विचारलं. त्या म्हणाल्या, तेव्हा फक्त पाय दुखत होते.

ओळ द्यायची वेळ टळू लागली, तेव्हा एका रविवारी सकाळी बाई पोळीचं ताट घेऊन सरळ दाराजवळ भावाच्या खुर्चीसमोर जमिनीवर बसल्या. तो उठायला लागला. बाई म्हणाल्या, ऊठ, मी पण उठेन, तू जाशील तिथे येईन, मला आता चालवत नाही म्हणून इथेच बस. पुतणीला हसू आलं आणि वहिनींनी तिला आत नेलं. यापुढचं दोघांनी वेगवेगळं सांगितलं, पण मुख्य भाग जुळतो.

बाई म्हणाल्या, त्या ओळीत खोटं काय आहे ते सांग, मी खोडते.

“कबूल काय करायचं होतं मी?” भाऊ म्हणाला. “मी सोडलेलंच नाही. बोलावतो म्हणालेत. सुपरवायझरने सांगितलंय, तयार राहा, कधीही फोन येईल. तयार राहतोय.”

पहिला अर्धा बाईंनी रोज पाहिला होता. दुसरा पाहिलेला नव्हता. तो त्यांनी ताडला होता, आणि जोडीत नीट बसला म्हणून खरा मानला होता. वाक्यं रचण्याच्या धंद्यात ही चूक किती वेळा झाली असेल, याचा हिशेब आता लावता येणार नाही.

“मला सांगितलं का नाहीस?” त्यांनी विचारलं.

“तू विचारलंस?” भाऊ म्हणाला, आणि मग एकदम सुटला. “सगळ्या जगावर वाक्यं करतेस. तुझ्यावर मी करू? ती बाई, जी घरात ना काही विचारते, ना काही सांगते. घाल पुस्तकात. बसतंय का बघ ओळीत.”

इथे बाईंना राग आला. हे दोघेही मान्य करतात, आणि दोघांनाही त्याचं नवल वाटलेलं दिसतं. इतक्या वर्षांत त्या भावावर कधी रागावल्या नव्हत्या. त्यांनी त्याला ऐकवलं, की विचारायला तोंड उघडलं की तू वर्तमानपत्र उघडतोस. आईच्या आजारपणात रात्री कोण जागलं, हे त्यांनी काढलं. त्याने बाईंची मोडलेली सोयरीक काढली. तो म्हणाला, तुला मीच हवा होतो का, शेजाऱ्यावर लिहायचं. त्या म्हणाल्या, शेजाऱ्याकडे बघायला सवड कुठे होती, रोज दारात तूच आडवा येतोस. पोळी कोरडी झाली. वहिनी दोनदा दारापर्यंत येऊन परत गेल्या. मधेच पाणी आलं, तेव्हा बादल्या भरायला दोघेही उठले आणि भरताभरता भांडले. खोलीविषयी या सगळ्यात कुणी अवाक्षर काढलं नाही. पुढेही काढलं नाही, असं वहिनी सांगतात. भावाने शब्द मागे घेतला का, असं विचारल्यावर त्या म्हणाल्या, भांडायला माणूस घरात लागतं ना.

भाऊ पुढेही दाराजवळ बसत राहिला. फोन आला का, हे मला कळलेलं नाही. बाईंनी इतकंच सांगितलं, की आता त्या निघताना विचारतात.

सोमवारी बाईंनी नवी ओळ दिली. दुसऱ्या छपाईत ती आहे: ती बाई, जी ना काही विचारते, ना काही सांगते. ओळ आखूड पडत होती, म्हणून ‘पलीकडच्या टेबलावरची’ एवढे शब्द आधी घातलेले आहेत. दोन्ही अर्धे एकाच माणसाचे. व्यवस्थापकांनी ती वाचली, चष्मा वर केला आणि विचारलं की असं कुणी असतं का. बाई म्हणाल्या, असतं. बाइंडर ओळ न वाचताच पलीकडून म्हणाला, एकदाचा मीच का हो बाई? बाई त्याला नाही म्हणाल्या आणि पदराने चेहरा पुसून उभ्या राहिल्या. त्यांनी व्यवस्थापकांकडे थोडं लवकर निघायची परवानगी मागितली, जी त्यांनी आजवर मागितली नव्हती. कारण विचारलं, तेव्हा त्यांनी ते सांगून टाकलं: घरी कालचं भांडण अर्धवट राहिलं होतं.