आत्याबाईंचा पाय

डॉक्टरांनी पायावरचा धोत्र्याचा पाला काढला, घोट्यापासून पोटरीपर्यंत दाबून पाहिलं आणि म्हणाले, "सेप्टिक हो गया. देर कर दिए आप लोगां." सेप्टिक म्हणजे जखमेतलं विष अंगात पसरणं, हे त्यांनीच समजावलं. मग दुसरा इंग्रजी शब्द उच्चारला, ॲम्प्युटेशन, आणि हाताच्या कडेनं गुडघ्याखाली रेघ ओढून दाखवली. तो शब्द मात्र समजावून सांगावा लागला नाही.

ही निजामाच्या राज्यातली शेवटची वर्षं. गाव आमचं कंधारकडचं, दवाखाना नांदेडचा. पाय होता माझ्या सासूबाईंचा. त्यांना आम्ही सुना आत्याबाई म्हणायचो, मुलगे माय म्हणायचे. मी त्यांची तिसरी सून, सुभद्रा.

आत्याबाई लहानपणापासून रानातच वाढलेल्या. ऐन उमेदीत नवरा गेला आणि पाच मुलगे, गुरंढोरं, सगळी शेती त्यांच्या अंगावर पडली. त्यांनी ती पदर खोचून निभावली. पेरणीला तिफणीच्या चाड्यावर मूठ त्यांचीच असायची. बियाणं मुठीतून सोडत तिफणीमागं दिवसभर चालायचं, हे काम त्यांनी एकाही सुनेच्या हाती दिलं नव्हतं. पाय गेला तर त्यांचं काय जाईल, हे आम्हाला चांगलं ठाऊक होतं.

दुखणं नारूचं. आज हा रोग कुणी पाहिलेला नसतो, म्हणून सांगते. डॉक्टर त्याला गिनी वर्म म्हणायचे. पाण्यातून पोटात जातो आणि सालभरानं पायातून पांढऱ्या दोऱ्यासारखा बाहेर येतो. बाहेर आलेलं टोक काडीला गुंडाळायचं, रोज थोडं थोडं ओढायचं आणि तोवर स्वस्थ बसायचं. आत तुटला की जखम चिघळते.

आता स्वस्थ बसणं आत्याबाईंना कुठलं जमणार! काडी पायाला बांधून त्या खळ्यावर गेल्या. काडी कडब्याच्या पेंढीत अडकली आणि नारू आतच तुटला. पायाची आग आग व्हायला लागली, तशा त्या रोज बारवेच्या पायऱ्या उतरून थंड पाण्यात पाय सोडून बसू लागल्या. त्याच बारवेचं पाणी अख्खा गाव प्यायचा. त्यात काही वावगं आहे असं कुणाच्या मनातसुद्धा आलं नाही.

पण कापण्याआधी एक प्रयत्न म्हणून डॉक्टरांनी पाय चिरून पू काढला आणि सल्फाच्या गोळ्या सुरू केल्या. तेव्हा त्या नव्यानं आल्या होत्या. "बुखार उतरा तो पाँव बचेगा," एवढंच ते म्हणाले. मग वाट पाहणं आलं. सकाळी डॉक्टर आत्याबाईंच्या कपाळाला हात लावून ताप बघायचे आणि मी त्यांच्या तोंडाकडे बघत राहायची.

घरची माणसं गाडीच्या गाडी भरून यायची. मुलगे, सुना, नातवंडं, भाकरीची गाठोडी. एकदा डॉक्टरांनी विचारलं, "अम्मा, खेत में कोई बचा है की नहीं?"

आत्याबाई तापात होत्या, तरी म्हणाल्या, "हाव, बैलं हायती की."

खाटेवरून त्यांचे हुकूम सुटायचे. खत टाकलं का, म्हशीला वैरण घातली का. एकदा मी वैतागून म्हटलं, "आत्याबाई, हलू नका बरं!"

"पाय न्हाई हलवत गं. तोंड हलवून राहिले."

ज्यांच्या घरात अशी बाई आजारी पडेल त्यांना माझं सांगणं आहे, की तिला नुसतं पडून राहा म्हणू नका, हातांना काहीतरी काम द्या. मी कापूस आणून दिला. त्यांनी वाती वळल्या आणि पाय जागचा हलला नाही.

एका सकाळी डॉक्टरांनी कपाळावरचा हात काढला आणि हसले. "पाँव बच गया, अम्मा." मला रडूच फुटलं. आत्याबाईंचा प्रश्न तयार होता, "तिफनीमागं चालता यील का?"

"चलेंगे, मगर आहिस्ता. अब एक बात सुनो." घरात आणखी कुणाला नारू झाला होता का, असं त्यांनी विचारलं. झाला होता, दर उन्हाळ्यात कुणाला ना कुणाला. मग त्यांनी सांगितलं, की नारूची जखम पाण्यात बुडाली की त्यातून डोळ्यांना न दिसणारी पिल्लं सुटतात. ती पाण्यातल्या बारीक किड्यांच्या पोटात जातात, ते पाणी आपण पितो आणि पुढच्या साली नारू आपल्या पायातून निघतो. "बावडी में पाँव नक्को डालो. पानी मोटे कपडे से छानो."

"म्हंजी माझ्याच पायाचं पानी म्या पोरायला पाजलं?" आत्याबाईंनी विचारलं.

"किसी को मालूम नहीं था, अम्मा. अब मालूम है."

त्यांनी भिंतीकडे तोंड केलं. पाय कापायचं ऐकून डोळ्यांत टिपूस न आणलेली ती बाई ढसाढसा रडली. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवून बसून राहिले.

घरी न्यायला मुलगे आले ते नांदेडच्या बाजारातून नवं लुगडं घेऊन. आत्याबाईंनी त्याची वीण चिमटीत धरून पाहिली, घडी मात्र मोडली नाही. गावात शिरताच गाडी बारवेपाशी थांबवली आणि पाणी भरणाऱ्या बायांना म्हणाल्या, "ज्याच्या पायाला नारू, त्यानं पायरी उतरायची न्हाई. आधी मी न्हाई उतरणार." मग तिथंच लुगड्याला दात लावला आणि टर्रकन फाडलं.

थोरले दीर ओरडले, "माय, नवं हाय की ते!"

"म्हनूनच. जुन्यातून किडं गळतेत."

प्रत्येक सुनेला एक तुकडा मिळाला, उरलेले गल्लीत वाटले. पेरणीला त्या लंगडत तिफणीमागं चालल्या, पण थोडंच. मग बांधावर बसल्या आणि चाड्यावरची मूठ माझ्या हाती दिली. डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे आधीच पोटात गेलेला नारू पुढच्या उन्हाळ्यात दोघांना निघाला. त्यानंतर आमच्या घरात तो आला नाही.

त्या डॉक्टरांचे उपकार मी विसरलेले नाही. पाय तर त्यांनी वाचवलाच, पण आत्याबाईंना दोषही दिला नाही. आज नळाचं पाणीसुद्धा मी फडकं लावून भरते. माझ्या नाती हसतात, हसू देत.

माझी मुलं त्यानंतरची. त्यांना न्हाऊ घालताना आत्याबाई एकेक पाऊल हातात घ्यायच्या, घोट्यापासून बोटांपर्यंत चाचपून बघायच्या. त्यांच्या स्वतःच्या पायावर नारूचे चार जुने वण होते. "कोरं हाय गं, सुभद्रा," म्हणायच्या आणि दुसरं पाऊल उचलायच्या.