अकरा जणांचं ऑफिस

माझ्या मार्केटिंग कंपनीत आम्ही दोघं होतो, मी आणि ती. ती म्हणजे आमची डिझायनर. चित्रं करायची, मजकूर लिहायची, प्रेसवाल्याशी भांडायची, गिऱ्हाइकांचे फोन घ्यायची. मी काय करायचो? मी कंपनी वाढवायचो. म्हणजे इस्त्रीचं जाकीट घालून लोकांना भेटायचो आणि येता-जाता 'आमची टीम' म्हणायचो. टीम ठाण्याला नौपाड्यात, दातांच्या दवाखान्यावरच्या एका खोलीत, खालच्या ड्रिलचा आवाज नको म्हणून कानात कापूस घालून बसलेली असायची.

ती ठाकुर्लीहून यायची, अगदी पहिल्या वर्षापासून. तिचं मागणं एकच. "सर, एक माणूस द्या. कसलंही चालेल, मी शिकवते."

मी शोधलं नाही असं नाही. एक मुलगा सकाळी रुजू झाला, दुपारी जेवायला म्हणून गेला, तो अजून जेवतोय. दुसऱ्याबरोबर त्याचे वडील आले. मुलगी द्यायच्या आधी घर बघावं तसं त्यांनी उभ्याउभ्याच सगळं बघितलं आणि म्हणाले, "छान आहे. बाकीचं ऑफिस कुठंय?"

"हेच आहे."

"चल रे," ते मुलाला म्हणाले.

चांगली माणसं लहान कंपनीत येत नव्हती, आणि चांगली माणसं नव्हती म्हणून कंपनी मोठी होत नव्हती. हे कोडं मी जाकीट घालून सोडवत असताना काम मात्र तिच्याच टेबलावर साचत होतं. "पुढच्या महिन्यात नक्की," असं मी तिला दर महिन्याला सांगायचो.

अशात डोंबिवलीचे एक मसालेवाले शेठ भेटले. त्यांना ठाण्यापासून कल्याणपर्यंत दुकानादुकानात आपला मसाला पोचवायचा होता. बोलता बोलता त्यांनी विचारलं, "माणसं किती तुमच्याकडे?"

"अकरा," मी म्हटलं. आकडा कुठून आला, देव जाणे. क्रिकेटमुळे असेल.

"वा! मग परवा येतो तुमचं ऑफिस बघायला."

परवापर्यंत अकरा माणसं कुठून आणायची? जमली सहा. बँकेतून रिटायर झालेले मामा, मेहुणा, सोसायटीचे सेक्रेटरी, त्यांचा भाचा आणि बायकोच्या भिशीतल्या दोघी. आम्ही दोघं धरून आठ. उरलेले तीन 'फील्डवर गेलेत' असं ठरलं. खुर्च्या खोपट नाक्यावरच्या मंडपवाल्याच्या. प्रत्येकीच्या पाठीवर त्याचं नाव रंगवलेलं, म्हणून सगळ्या पाठी भिंतीला टेकवल्या. खोली ऑफिससारखी कमी आणि पंगतीसारखी जास्त दिसत होती.

ती दारात येऊन थांबली. "सर, हे काय?"

"अगं, एक तासाचा प्रश्न आहे. हे काम मिळालं की तुला माणूस. शप्पथ."

तिने फडकं घेतलं आणि मामांची खुर्ची पुसून दिली.

शेठ आले. भिशीतली एक बाई फोनवर होती. "नाही गं, मंगळवारी माझ्याकडे सगळ्या जमतायत, मंगळवार सोडून काय ते बोल." शेठ माझ्या कानाशी म्हणाले, "मीटिंगा जोरात दिसतायत." मग ते मामांपुढे थांबले. मामांनी लॅपटॉप उघडला होता, सुरू केलेला नव्हता.

"आपण काय बघता?"

"सगळंच," मामा चष्मा वर सरकवत म्हणाले. "पण शेवटी काय, माणूस बघावा लागतो."

शेठ खलास. खोलीत एकच व्यक्ती खरोखर काम करत होती, तिच्यापाशी ते सगळ्यांत शेवटी आले. "ही मुलगी ट्रेनी वाटतं?"

आता मी काय म्हणायला हवं होतं ते मला पाठ आहे. तेव्हा म्हटलं, "हो, शिकतेय अजून."

तिने मान वर केली नाही. माऊसवरचा हात तेवढा थांबला.

काम मिळालं. काम म्हणजे पूर आला. अकरा जणांच्या हिशोबाने यायचं आणि तिच्या एकटीवर पडायचं. वर शेठचा रोजचा फोन, "त्या पांढऱ्या केसांच्या साहेबांनी बघितलंय ना? ट्रेनीच्या हातात देऊ नका हां." मी म्हणायचो, "साहेबांनीच केलंय." मामा तेव्हा आपल्या घरी दुपारची झोप काढत असायचे आणि ते काम तिने जेवण चुकवून केलेलं असायचं. माणूस? आता तर नवीन माणूस घ्यायचीच मला भीती वाटायला लागली. येणारा पहिल्याच दिवशी विचारणार, बाकीचे नऊ कुठे आहेत? आणि ते शेठच्या कानावर गेलं तर? म्हणजे अकरा माणसं असल्यामुळे मला बारावा घेता येईना. एवढा गाढवपणा करायला डोकं लागतं.

त्यातच तिच्या आईचं डोळ्याचं ऑपरेशन निघालं, कल्याणला. तिने दोन दिवसांची रजा मागितली. रिक्षांच्या मागे लावायचे फलक छापायला जायचे होते. मी छाती पुढे काढून म्हटलं, "तू जा. त्यात काय, मी करतो."

केले. मराठी टाइप करताना मी इंग्रजी अक्षरं बडवतो, त्यात एक एच जास्त पडला. तपासायला होतं कोण? प्रेसवाल्याला वाटलं ब्रँडचं नाव असेल. दुसऱ्या दिवशी डोंबिवलीभर रिक्षा फिरत होत्या आणि प्रत्येकीच्या मागे लिहिलेलं होतं, 'घरच्या चवीचा घोडा मसाला'. नाक्यावर रिक्षावाले एकमेकांना बघून खिंकाळत होते म्हणे.

ती रजेवरून परत आली, बॅग अजून खांद्यालाच होती, तेवढ्यात शेठचा फोन आला. मी एका हाताने चहा ओतत होतो म्हणून फोन स्पीकरवर टाकलेला.

"गोडा मसाला हो साहेब, गोडा! माझ्या आईच्या हातचा! लोक विचारतायत, टांग्याचा घोडा की लग्नातला? हे त्या ट्रेनीचं काम ना?"

'नाही.' दोन अक्षरं. माझ्या धंद्यात मी याहून लांब शब्द फुकट वाटलेत. पण 'नाही' म्हटलं तर 'मग कोणाचं?' आलं, आणि त्याच्या मागे अकरा जणांची वरात आली. मी तिच्याकडे बघितलं. तीही माझ्याकडेच बघत होती, रागाने नाही, मी काय बोलतो ते ऐकायला.

"हो शेठ."

"काढून टाका तिला. आजच."

"काढतो."

फोन बंद केला. खाली कोणाचा तरी दात कोरणं चाललं होतं. मी म्हटलं, "अगं, तोंडदेखलं म्हटलं. त्यांना काय कळतंय? तू बस, चहा घे."

"नको सर. बरं झालं. सोडायचं कसं तेच मला कळत नव्हतं."

मी पगार वाढवतो म्हटलं. क्रिएटिव्ह हेड करतो म्हटलं. पुढच्या महिन्यात माणूस... ते तोंडातून निघालं आणि माझं मलाच हसू आलं. तिला आलं नाही.

"शेठ येणार म्हणून तुम्ही दोन दिवसांत सहा माणसं गोळा केलीत सर. मला इतकी वर्षं एक हवं होतं."

यावर माझ्याकडे विनोद नव्हता. एरवी असतो.

आठवडा संपेपर्यंत तिने काम केलं. चुकलेले फलक बदलून घेतले, प्रेसवाल्याला समजावलं, आईचे ड्रॉप्स घालायची वेळ झाली की घरी फोनवर आठवण करून देत राहिली. शनिवारी आपला डबा आणि कापसाची पुडी उचलून गेली.

सोमवारी शेठ फोनवर म्हणाले, "काढलंत ना? आता बघा काम कसं सुधारतं."

"हो शेठ," मी म्हटलं आणि तिचा कॉम्प्युटर सुरू केला. त्याने पासवर्ड मागितला. तो तिलाच माहीत होता. बराच वेळ मी माझ्या अकलेने काहीबाही टाकून बघितलं, कंपनीचं नाव, माझंही नाव. शेवटी तिला फोन लावला. उचलणार नाही असं वाटलेलं. तिने उचलला, पासवर्ड सांगितला, नीट ऐकू आला का म्हणून पुन्हा एकदा अक्षरं सुटी करून सांगितला.

मी विचारलं, "आई कशी आहे?"

"दिसतंय आता," ती म्हणाली. आणि फोन ठेवला.