पहिल्या ओळीतली जागा

"थुंकीत जंतू सापडले," डॉक्टरबाई म्हणाल्या. "ह्या रोगाला आम्ही थायसिस म्हणतो."

थायसिस म्हणजे क्षय. मिशनच्या शाळेत मुलींना आरोग्याचा धडा मीच शिकवत असे, त्यामुळे शब्द मला चांगला माहीत होता. तरी मी विचारले, "म्हणजे काय?" तेवढाच वेळ मिळाला.

डॉक्टरबाई गोऱ्या, पण मराठी आमच्याहून शुद्ध बोलत. त्यांनी विचारले, "रक्त कधीपासून पडते?" मी म्हटले, "परवा पडले." परवाच्या आधी अख्खा पावसाळा आणि दिवाळी गेली होती.

"तुमच्या उष्ट्या भांड्यातून आणखी कोण पिते?"

"कोणी नाही. मी विधवा बाई, एकटीच राहते."

घरापुरते हे अगदी खरे होते. माझ्या भांड्याला मी कोणाचा हात लागू देत नसे. खऱ्याच्या आडोशाने खोटे बोलणे किती सोपे जाते, ते मला त्या दिवशी कळले. डॉक्टरबाईंनी मान हलवली आणि मला खाट दिली.

हे मी लिहिते आहे ते पदराआड रुमाल लपवणाऱ्यांसाठी. रोग लपवणाऱ्यांसाठीही आणि दुसरे काही लपवणाऱ्यांसाठीही. वाचून मला नावे ठेवायची असतील तर खुशाल ठेवा. माझी स्वतःला ठेवून झाली आहेत.

सुरुवात खोकल्याने झाली. सोलापुरात खोकल्याला कोण विचारतो? गिरण्यांच्या चिमण्या दिवसभर धूर ओकत असतात. मीही धुरालाच बोल लावला. मग संध्याकाळी अंग कणकण करू लागले, चोळ्या सैल झाल्या. एका सकाळी रुमालावर लाल ठिपका दिसला. ह्याला डॉक्टर हिमोप्टिसिस म्हणतात, म्हणजे खोकल्यातून रक्त येणे. मी त्याला विडा म्हटले. शेजारणीने विचारलेच तर सांगायला बरे म्हणून पानाचा डबा विकत आणला. आयुष्यात कधी पान न खाणारी मी, त्या वर्षी रंगेल बायकांसारखी ओठ लाल करून हिंडत होते.

का लपवले? शाळेतून काढतील ही भीती होतीच. पण तिच्याखाली दुसरी भीती होती, आणि ती सांगायची तर मला माझ्या आईपासून सुरुवात केली पाहिजे.

आम्ही मूळचे मैंदर्गीचे लिंगायत. वडील ख्रिस्ती झाले, त्यांच्यामागे आईही झाली. तिने गळ्यातले लिंग उतरवले, पण पाण्याचा हंडा कोणाला शिवू दिला नाही. चर्चच्या मंडळीतली एखादी बाई पाणी पिऊन गेली की आई तो पेला राखेने घासायची आणि कानडीत पुटपुटायची, "मैलिगे." मैलिगे म्हणजे विटाळ. वडिलांनी मला प्रार्थना शिकवली. पेला घासायला आईने शिकवले, आणि तो धडा अधिक पक्का बसला.

आमच्या मंडळीत महिन्यातून एकदा प्रभुभोजन असते. सगळे जाजमावर बसतात, पुरुष एका बाजूला, बायका एका बाजूला. बायकांकडे द्राक्षरसाचा एकच प्याला फिरतो. पहिल्या ओळीत भिंतीकडच्या बाईपासून तो सुरू होतो आणि हातोहाती शेवटच्या ओळीपर्यंत जातो. आमच्यातल्या बऱ्याच बायका गावकुसाबाहेरून प्रभूकडे आलेल्या. त्यांचे उष्टे तोंडाला लागू नये म्हणून मी काय करत असे? सगळ्यांच्या आधी जाऊन पहिल्या ओळीत भिंतीला टेकून बसत असे. प्याला पहिल्यांदा माझ्याकडेच यायचा. कित्येक वर्षे मी असाच प्रभूचा रस घेतला आणि आमच्या चर्चचे पाळक लोकांना सांगायचे, "मास्तरीणबाईंची ओढ बघा, देवाच्या घरी सर्वांआधी येतात."

मी मान खाली घालत असे. त्यांना तो विनय वाटायचा.

आता हिशेब तुम्हीच जुळवा. ज्या बाईने दुसऱ्याच्या उष्ट्याचा धसका घेतला, तिच्याच छातीत जंतू होते. आणि तिच्या उष्ट्याला सगळ्या मंडळीने भक्तिभावाने ओठ लावले. पावसाळाभर, दिवाळीपर्यंत. मला रक्त दिसत होते, तरी मी पहिली जागा सोडली नाही. मागे बसावे तर लोक विचारतील का, आणि मागे बसले तर सगळ्यांचे उष्टे आपल्याकडे येईल. दोन्ही विचार एकदमच मनात आले होते. कोणता आधी आला ते सांगायला आजही लाज वाटते.

दवाखाना गावाबाहेर माळावर होता. खाटा व्हरांड्यात, भिंती तीनच, चौथी बाजू वाऱ्याला मोकळी. औषध म्हणावे असे काही नाही. पडून राहायचे, जिभेखाली काच धरून ताप मोजायचा, कॉड लिव्हर तेल प्यायचे आणि अंडी खायची. ख्रिस्ती होऊन आमच्या दोन पिढ्या झाल्या, पण अंडे माझ्या तोंडात गेले नव्हते. पोटाला सोसत नाही, असे मी सगळीकडे सांगत असे. डॉक्टरबाई म्हणाल्या, "पोटाला विचारू नका. गिळा." गिळले. पोटाने एक शब्द काढला नाही.

पुढे डाव्या बाजूला ए.पी. सुरू केले. पूर्ण नाव आर्टिफिशियल न्युमोथोरॅक्स. बरगड्यांमधून जाड सुई घालून छातीत हवा सोडतात, म्हणजे आजारी फुप्फुस मिटते आणि त्याला विसावा मिळतो. काही दिवसांनी हवा जिरते, मग पुन्हा भरतात. त्याला रिफिल म्हणतात. पहिल्या खेपेला मला वाटले, आता संपलेच. तुमच्यावर वेळ आली तर घाबरू नका. सुई आत जाताना श्वास धरू नका, एवढेच सांगते.

रविवारी दुपारी मंडळी भेटायला यायची. व्हरांड्याखाली उभे राहून प्रार्थना करायची. "हे प्रभो, तुझ्या ह्या पहिल्या दासीला उठव." पहिली, पहिली. तो शब्द ऐकला की मी चादर तोंडावर ओढायची. त्यांना वाटायचे, बाईंना भरून आले.

त्यांत राहेल असायची. ती कुंभारी गावची, तिथल्या मांगवाड्यातली, गिरणीत सुताच्या कांड्या भरायला जायची. उपासनेसाठी पहाटे घरून चालत निघायची, म्हणून तीही लवकर पोहोचायची आणि माझ्या शेजारी बसायची. माझ्यानंतर प्याला तिच्याच हातात जायचा. मी जिथे ओठ लावले तिथेच ती लावायची.

एका रविवारी प्रार्थना चालू असताना राहेल खोकली. पुन्हा खोकली. पदराने तोंड पुसून पुन्हा हात जोडले.

मी काही बोलले नाही. त्या रविवारीही नाही आणि पुढच्याही नाही. देवाशी मात्र खूप बोलले. मला प्रार्थना चांगली जमते, मंडळीत माझी प्रार्थना ऐकून बायका डोळे पुसतात. तसल्याच सुंदर भाषेत मी देवाला सांगत होते की राहेलला काही होऊ देऊ नकोस, म्हणजे मला काही सांगावे लागणार नाही. एके दिवशी माझे मलाच ते ऐकू आले. मधेच थांबले. आमेनसुद्धा म्हटले नाही.

उतरलेला ताप पुन्हा चढू लागला. डॉक्टरबाई तक्ता बघत म्हणाल्या, "फुप्फुस सुधारते आहे. मग ताप का?" मी त्यांना सगळे सांगून टाकले. रक्ताचे, प्याल्याचे, पहिल्या ओळीचे.

मला वाटले होते, त्या माझा हात धरतील, क्षमेविषयी काही बोलतील. त्यांचा चेहरा लाल झाला. "हे तुम्ही पहिल्या दिवशी सांगायला हवे होते," त्या म्हणाल्या. "देवाची क्षमा तुमची तुम्ही मागा. मला त्या बाईला तपासायचे आहे. आणि तिच्यामागच्या सगळ्यांना."

मी म्हटले, "काही निमित्त सांगून बोलावता आले तर..."

"निमित्त नाही. काय झाले ते तुम्हीच सांगायचे. आधी तिला, मग पाळकांना."

राहेल गिरणी सुटल्यावर आली. केसांत, भुवयांत कापूस. व्हरांड्याच्या पायरीपाशी उभी राहिली. मी तिला आधी रक्ताचे सांगितले. मग धीर करून पहिल्या जागेचे सांगितले, की मी तिथे का बसत होते.

"त्ये ठावं हाय की," ती म्हणाली.

"काय ठाऊक आहे?"

"तुमी पुढं कशापायी बसता त्ये. समद्या बायांला ठावं हाय. लई वर्सापासनं."

मांजर डोळे मिटून दूध पिते, तशी मी इतकी वर्षे प्याले होते. पाळक सोडले तर सगळ्यांना दिसत होते. दर महिन्याला माझ्या हातून प्याला घेताना राहेलला माहीत होते, की ही बाई आपला विटाळ मानते. आणि ती घेत होती.

"मग कोणी बोलले का नाही?"

"बोलून काय हुनार? तुमी यायच्याच बंद झाला असता. आमच्या पोरींला शिकवता बी चांगलं. म्हनलं, बसंनात का पुढं. कदी तरी सरकतील मागं." मग तिचा आवाज बदलला. "पर रगताचं सांगाया पायजे हुतं, बाई. त्ये न्हवतं ठावं. माज्या घरात ल्हान नात हाय. माज्या ताटात जेवती ती."

मी रडू लागले. म्हटले, "राहेल, मला माफ कर."

"हितं नगं," ती म्हणाली. "दवाखान्यात समदीच गरीब असत्यात. बऱ्या झालात म्हंजी माज्या घरला या, कुंभारीला. तितं मागा."

आणि ती तपासणीच्या खोलीकडे गेली.

क्षयाच्या जंतूची तपासणी एका दिवसात उरकत नाही. पुन्हा थुंकी घेतात, पुन्हा बघतात. ते दिवस मी कसे काढले ते नीट आठवत नाही. प्रार्थनेला शब्द येईनात. नुसते "राहेल" म्हणायचे आणि गप्प बसायचे. तोपर्यंत मला वाटायचे, विश्वास म्हणजे देवापुढे नीटनेटके होऊन बसणे. आता नीटनेटके काही उरलेच नव्हते. तसल्या अवस्थेत मी देवापुढे पडून होते, आणि आयुष्यात पहिल्यांदा मला वाटले की समोर कोणी ऐकते आहे.

राहेलच्या थुंकीत जंतू निघाले नाहीत. खोकला कापसाच्या धुळीचा होता. नातही धडधाकट होती. डॉक्टरबाई म्हणाल्या, "आज नाही. पण वर्षभर लक्ष ठेवावे लागेल." बाकीच्या बायकांतही काही सापडले नाही. पाळकांनाही मी सगळे सांगितले. रविवारच्या घोळक्यातल्या काही जणी नंतर आल्या नाहीत. त्यांचे बरोबर होते.

पुढचा उन्हाळा सरता सरता माझी थुंकी निगेटिव्ह झाली, म्हणजे तपासणीत जंतू दिसेनासे झाले. घरी सोडताना डॉक्टरबाईंनी बजावले, "जाल तिथे आपला पेला बरोबर न्या. तुमचे उष्टे कोणाच्या तोंडी जाता कामा नये."

प्रभुभोजनाला मी गेले नाही. आधी कुंभारी, असे मी ठरवले होते. टांगा करून गेले. पिशवीत पेला होता.

राहेलने घोंगडे टाकले. शेजारच्या बायका दाराशी जमल्या. तिने तांब्याभर पाणी पुढे ठेवले आणि मी पिशवीतून पेला काढला. दारातली एक बाई हलकेच म्हणाली, "बगा, भांडं घिऊनच आल्या."

मला धरणीने पोटात घ्यावे असे झाले. डॉक्टरांचा हुकूम आहे, तुमच्याच जिवासाठी आहे, असे मी सांगू लागले. सांगताना कळत होते की कोणी विश्वास ठेवणार नाही. का ठेवावा? तीच मी, तोच वेगळा पेला. एवढी खरे बोलायला आले होते, आणि माझे खरेच नेमके माझ्या जुन्या खोट्यासारखे दिसत होते.

राहेल माझ्याकडे बघत होती. तिला हुकूम माहीत होता, तिनेही त्या दवाखान्यात खेपा घातल्या होत्या.

"ठेवा त्यो पिशवीत," ती म्हणाली.

तिने तांब्या उचलला आणि पाणी प्याली. वरून नव्हे, तोंड लावून, सगळ्यांच्या देखत. मग तांब्या माझ्यापुढे धरला.

"आता तुमी. समदं संपवा, मागं थेंब ठिवू नगा. मी तांब्या इस्तवात घालून भाजून काढते. तुमच्यामागनं कुनी प्याचं न्हाय, मग डाक्टरीन कशाला वराडती?"

मी तांब्याला तोंड लावले. पाणी मचूळ होते. आईची आठवण झाली, खोटे कशाला सांगू. पण सगळे पाणी प्याले आणि रिकामा तांब्या तिच्या हातात दिला.

मग मी माफी मागितली. प्रार्थनेची भाषा सुचली नाही. "चुकले, राहेल," एवढेच म्हटले.

"व्हय, चुकलाच," ती म्हणाली. "बसा आता. भाकरी टाकते."