नलिनीताईंचा आवाज

बायकोलाही हे ठाऊक नाही. तुम्हालाच पहिल्यांदा सांगतोय.

गेल्या निवडणुकीत मी एका उमेदवाराच्या, आमच्या साहेबांच्या, प्रचाराचं मोबाईलवरचं काम करत होतो. रील्स, पोस्टर, व्हॉट्सअ‍ॅप — झकास चाललं होतं. विरोधात उभ्या होत्या नलिनीताई. कांजूरमार्गला आमच्याच चाळीत राहणाऱ्या, आईच्या जिवाभावाच्या मैत्रीण. नव्या फ्लॅटचे पक्के कागद हातात पडल्याशिवाय कुणी घर सोडायचं नाही, म्हणून बिल्डरला त्यांनीच अडवून धरलेलं.

साहेबांनी विचारलं, "बाईचा आवाज मिळेल का रे कुठे?"

न मिळायला काय झालं? चाळीच्या सभांचे व्हिडिओ मीच काढलेले — तेही आईच्या सांगण्यावरून. एका अ‍ॅपने त्यातून हुबेहूब आवाज तयार केला. त्याने काय बोलायचं, ते कुणी लिहिलं? मी. "बिल्डरशी माझं ठरलंय, माझा फ्लॅट वेगळा, तुम्ही मुकाट सह्या करा." आणि सुरुवातीला "अगो बायांनो". त्या तसंच म्हणतात, हे प्रचाराच्या ऑफिसात मला एकट्यालाच माहीत होतं ना!

अनोळखी नंबरावर बायकांनी विश्वास ठेवला नसता. म्हणून मी ते आईला पाठवलं.

तिने फोन कानाशी धरून पुन्हा पुन्हा ऐकलं. "खरा काय रे ह्या?"

"आवाज त्यांचाच आहे ना?" मी म्हणालो.

बस्, एवढंच. पुढे साऱ्या चाळीला तिनेच पाठवलं.

नलिनीताई दारात आल्या, रडवेल्या. "अगो, मी असं बोलेन?" आईने दार लावून घेतलं. मी आत जेवत होतो. उठलो नाही.

निवडणुकीत त्या पडल्या. बायकांनी चिडून, कागदांची वाट न बघता, सह्या केल्या. चाळ गेली, आम्ही भाड्याच्या खोलीत, आणि बिल्डर आता फोन उचलत नाही. साहेब अजून सांगतात, "प्रचार आहे यार, सगळेच करतात." सगळेच म्हणजे कोण रे? कुणाची आई, कुणाची शेजारीण? त्या माणसाच्या थोबाडीत द्यावीशी वाटते — पण "अगो बायांनो" त्याने नव्हतं लिहिलं.

परवा बाजारात नलिनीताई समोरून आल्या. थांबल्या. आईने तोंड फिरवलं, "निर्लज्ज बाई," म्हणाली, त्यांना ऐकू जाईल असं.

तिची पिशवी माझ्या हातात होती. मी तिच्या मागोमाग चालू लागलो.