कमानीतला डबा

किल्ल्यावर डबा लपवायची कल्पना माझीच होती. पुढे ‘आम्ही सगळ्यांनी मिळून ठरवलं’ असं सांगायची सवय मी लावून घेतली, पण ते खोटं आहे.

त्या दिवसांत मला जिओकॅशिंगचं वेड लागलं होतं. कुणीतरी एक डबा कुठेतरी लपवतं, ती जागा अ‍ॅपवर टाकतं आणि बाकीच्यांनी मोबाइलच्या नकाशावरून तो हुडकून काढायचा. आतल्या वहीत नाव लिहायचं, एखादी बारीकशी वस्तू घ्यायची, आपली एक ठेवायची आणि डबा होता तसा लपवून निघायचं. सातपूरच्या कारखान्यात माझे सहा दिवस दुसऱ्यांच्या कामातल्या चुका काढण्यात जायचे. रविवारी आमच्या ट्रेकच्या ग्रुपबरोबर हे असलं काही केलं की आपण जरा निराळे आहोत असं वाटायचं. गड चढून नुसता वडापाव खाऊन उतरणाऱ्यांना आम्ही नाकं मुरडायचो.

तो किल्ला त्र्यंबकच्या पलीकडे, डोंगरात. किल्ला म्हणायचा तो एक कमान, अर्धा बुरूज आणि कातळात खोदलेल्या पाण्याच्या टाक्यांसाठी. कमानीच्या आतल्या भिंतीत एक दगड हलत होता. त्यामागे मी डबा सरकवला. आत वही, पेन्सिल, लाल रिबन आणि चॉकलेटसोबत मिळालेली बोटाएवढी बाहुली.

कमानीपाशी एक मावशी ताक विकायच्या. खालच्या पाड्यावरून रोज कळशी घेऊन चढायच्या. त्यांनी मला दगड सरकवताना पाहिलं. खेळाबाहेरच्या माणसाला पत्ता लागू द्यायचा नाही, असा नियम. अशा माणसांसाठी या खेळात एक चेष्टेचं नावही आहे. मी म्हटलं, “मावशी, आमची गंमत आहे. लक्ष ठेवा, पण कुणाला सांगू नका हं.”

“नाय सांगनार,” त्या म्हणाल्या आणि माझा पेला परत भरला.

वर्षभर छान चाललं. लांबलांबून लोक यायचे, कमानीतले फोटो टाकायचे. मग एका पावसाळ्यानंतर एकामागून एक निरोप यायला लागले: डबा सापडला नाही. माझं डोकंच फिरलं. गुराख्यांनी पळवला असणार, असं मी अ‍ॅपवर लिहूनही टाकलं आणि नवा डबा घेऊन एकटीच निघाले.

मावशी कमानीपाशी नव्हत्या. पाड्यावर येऊन विचारलं तर लोक आपापल्या घरात शिरले. एका म्हाताऱ्याने नुसत्या हाताने टोकाचं घर दाखवलं. मावशी ओट्यावर तांदूळ पाखडत होत्या. त्यांनी मला लगेच ओळखलं. मी मात्र आधी डब्याचंच विचारलं. त्याची लाज अजून वाटते.

त्यांनी सांगितलं ते असं. शेजारची सून गडावर चाऱ्याला गेली होती, तिच्या हाती डबा लागला. वहीत एवढी नावं बघून तिनेही आपलं लिहिलं आणि डबा जागेवर ठेवला. दोन महिन्यांनी तिचं मूल पोटातच गेलं. मग ती घाबरून घरात बोलली. घरच्यांनी जाऊन डबा काढला. लाल रिबन, बाहुली, कागदावर सुनेचं नाव. करणीच ती, असं सगळ्यांचं झालं. आणि दिवसभर त्या कमानीत एकटी कोण बसतं, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

“अहो, मग सांगायचं ना, शहरातल्या बाईने ठेवलाय म्हणून!”

“तुमीच म्हनल्या व्हत्या, कुनाला सांगू नका.”

त्या रागाने बोलल्या असत्या तर बरं झालं असतं. दोन दिवस त्या गप्प राहिल्या होत्या. तिसऱ्या दिवशी सांगितलं, तेव्हा ते कुणाला खरं वाटलं नाही. तेव्हापासून त्यांना गडावर जायची बंदी होती आणि पाड्यात त्यांच्या हातचं पाणी कुणी घेत नव्हतं.

मी तडक शेजारच्या घरी गेले. चार माणसं जमली. मी अ‍ॅप उघडून दाखवलं, जगभरातल्या डब्यांचे ठिपके दाखवले, डबा माझा, बाहुलीही माझी, म्हणून सांगितलं. सगळ्यांनी ऐकून घेतलं. “बरं, ताई,” सासरा म्हणाला, आणि उठला. सून दाराआड उभी होती. तिने एवढंच विचारलं, “बाहुली कशापायी ठेवली व्हती?”

कारण होतं ते ‘गंमत म्हणून’ एवढंच; मी मोबाइल पिशवीत टाकला आणि बाहेर पडले.

परत मावशींकडे आले. सगळ्यांना ऐकू जावं म्हणून मोठ्याने ताक मागितलं.

“ताक कुठलं आता? म्हस इकली,” म्हणत त्यांनी पाणी दिलं. ओट्यावर उभी राहून, पाड्याकडे तोंड करून मी तांब्याभर पाणी प्यायले. मावशी बघत होत्या. “तुमी पिनारच, ताई,” त्या म्हणाल्या. “तुमाला इथं कुठं ऱ्हायाचंय.”

घरी येऊन डबा अ‍ॅपवरून काढून टाकला. तिथे कारण लिहायला जागा असते. खरं लिहिलं असतं तर शे-दोनशे लोकांनी पाड्याच्या अडाणीपणाला नावं ठेवली असती, माझी समजूत काढली असती, आणि मला बरं वाटलं असतं. म्हणून मी काहीच लिहिलं नाही.