नोलाचं बोट

नोला ट्रेलोरला त्र्याहत्तरावं लागलं होतं, तरी घरापासून बोअरच्या पंपापर्यंतच्या एकोणीस किलोमीटरच्या वाटेवर दुसऱ्या कुणी स्टिअरिंगला हात लावलेला तिला खपत नसे. दर मंगळवारी ती गुरांचं पाणी बघायला जायची. तिची मुलगी जेनीन पोर्ट ऑगस्टा शहरातून मला फोनवर म्हणाली, आईला हल्ली नीट दिसत नाही असा संशय आहे, एकदा शेजारी बसून बघ. तसं असेल तर तिला इकडेच घेऊन येईन, असंही ती म्हणाली. मी नोलाचा शेजारी, वीस वर्षं तिच्या हातचा पाव खाल्लेला. हे चहाडीचं काम माझ्या जिवावर आलं होतं.

रेती लागण्याआधी, चाकं रुतू नयेत म्हणून ती टायरमधली हवा कमी करायला उतरली. आम्ही बाकीचे मीटर लावून बघतो. नोला डोळे मिटून नुसती हवेची फुसफुस ऐकायची आणि बरोबर वेळी थांबायची.

मग लाल वाळूच्या टेकड्यांवरून गाडी अशी डुलत निघाली की मला पेंग यायला लागली. उन्हात सगळंच तरंगत होतं, टेकड्या, झुडपं, लांबवरचं खोटं पाणी. कडक जमीन आली की नोला गुणगुणायची, भुसभुशीत आली की गप्प व्हायची. चाकांच्या आवाजावरच ती चालली होती. सगळं ठीक आहे असं जेनीनला कळवायचं मी ठरवूनही टाकलं.

तेवढ्यात पुढे आमच्याच भागातल्या क्लेमची गाडी दिसली. आम्हाला वाट देऊन तो कडेला थांबला होता. आमच्याकडे स्टिअरिंगवरून एक बोट उचलतात, तोच रामराम. तो चुकवला तर माणूस महिनाभर धुमसतो. क्लेमनं बोट उचललं. नोलाचं उठलं नाही. मी घाईनं माझं उचललं, आणि मला फार वाईट वाटलं.

पंपापाशी इंजिन बंद करून ती बसून राहिली.

"मघाशी कुणी होतं का रे?"

"क्लेम."

"गाडीच्या धुराचा वास आला. बोट केलं त्यानं?"

"केलं. मीही केलं."

ती उतरली, बॉनेट चाचपत माझ्या दाराशी आली.

"जेनीननं तुला कशाला बसवलंय ते मला ठाऊक आहे. सरक तिकडे. आजपासून मंगळवारी तू चालवायचीस. मग जेनीनला मला न्यायचं कारण उरणार नाही. समोर कुणी आलं की नुसतं सांग, बोट मी उचलीन."

परतीला वाटेत चिटपाखरू भेटलं नाही. तरी पाचव्या टेकडीवर मी म्हणालो, "आला बघ."

नोलानं काचेसमोर बोट उचललं, आणि बराच वेळ खाली घेतलं नाही.