धाकटी घंटा

एकुलता एक मुलगा क्लेटन कॅनडाला गेला आणि अँजेलिनाला एका जागी बसवेना. शाळेत मधल्या सुट्टीत बाकीच्या शिक्षिका डबे उघडून बसत, ही डबा हातात धरून व्हरांड्यात फिरत खाई. घरी संध्याकाळची रोझरी चालू असताना नवरा पास्कल डोळे मिटून खुर्चीत, सासू कॉटवर, आणि ही दाराच्या चौकटीपाशी उभी, सतत चुळबुळत. सासूला सगळी वाडी बय म्हणे. बय प्रार्थना मध्येच थांबवून म्हणायची, "पास्कल, तुझ्या बायकोच्या पायाला भिंगरी लागलीय. बघ, देवासमोरसुद्धा थांबत नाही."

सत्तेचाळिसाव्या वर्षी अँजेलिना धावायला लागली ती अशी. पहिल्या दिवशी केळीच्या बागांमधल्या रस्त्यानं ती धावत निघाली तर घराघरांतून माणसं बाहेर आली. पोक्त बाई गावातून धावते म्हणजे कुणाला तरी झटका आला असणार, नाहीतर कुणी विहिरीत पडलं असणार. एकानं तर स्कूटर काढून तिला गाठलं आणि कुणाचं काय झालं म्हणून विचारलं. काही नाही, उगाच धावतेय, हे त्याला शेवटपर्यंत पटलं नाही.

त्या 'उगाच'मध्ये हाल पुष्कळ होते. अंगठ्याचं नख काळं पडलं. काखेत घासून कातडी सोलवटली, आंघोळीचं पाणी लागलं की डोळ्यांत पाणी यायचं. घरापासून सगळ्यांत लांब असतानाच पोटात कळ यायची आणि मग कुठल्या ओळखीच्या घराचं दार वाजवावं याचा विचार करत धावावं लागे. पण कधीतरी, चांगला तासभर धावून झाल्यावर, श्वास आपला आपण चालायला लागायचा. पाय कुणा दुसऱ्याचे असल्यासारखे पुढे पडत राहायचे. क्लेटन जेवला असेल का, बर्फावरून घसरला तर नसेल, हे डोक्यात घोळणारं सगळं मागे पडायचं. तेवढ्यासाठी ती बाकीचं सोसत होती.

डिसेंबरात होणाऱ्या अर्ध्या मॅरेथॉनमध्ये तिनं नाव घातलं. आणि पंधरा दिवस आधी बयच्या छातीत कफ भरला. दवाखान्यातून घरी आणलं तेव्हा डॉक्टर म्हणाले, वय झालंय, सांभाळा. त्या रात्री बयनं तिला जवळ बोलावलं.

"मी जाईन तेव्हा तू पाहिजेस हां जवळ. पास्कल नुसता रडत बसेल. त्याचा काही उपयोग नाही."

अँजेलिनानं हो म्हटलं. तेव्हापासून ती धावायला गेलीच नाही, पण तिचे पाय रात्री अंथरुणात हलत राहायचे. शेवटी पास्कलच वैतागला आणि म्हणाला की जाऊन ये एकदाची, दोनचार तासांचा प्रश्न आहे, मी आहे ना. तिची जाऊ बयला बघायला म्हणून राहायला आली होती, ती पेला विसळता विसळता म्हणाली, "जा बाई, जा. पदकं काय रोज मिळतात?" सासूचं नाव तिनं काढलं नाही. काढलं असतं तर बरं, असं अँजेलिनाला वाटलं.

शर्यतीच्या सकाळी तिनं फोन घरीच ठेवला, कमरेला बांधला की तो हिसके देई. निम्मं अंतर बरं गेलं. रस्ता त्यांच्या वाडीच्या फाट्यावरून जात होता. तिथं गावातल्या बायका पाणी, संत्र्याच्या फोडी घेऊन उभ्या होत्या, लग्नातला बॅंड वाजत होता. कुणीतरी ओरडलं, "टीचर, सावकाश, बस नाही चुकत." अँजेलिना हसली. श्वास नुकताच सुरळीत लागला होता.

आणि चर्चची घंटा वाजायला लागली.

मिस्साच्या प्रार्थनेची नव्हे. एकेक ठोका, मध्ये लांब अंतर. गावात कुणी गेलं की असा टोल पडतो. पुरुष असेल तर मोठी घंटा, बाई असेल तर धाकटी. ही धाकटी होती. बॅंडवाल्यांनी तोंडची वाद्यं खाली घेतली. बायकांनी टाळ्या थांबवून क्रूसाची खूण केली. टोल ऐकला की जिथं असाल तिथं थांबून प्रार्थना म्हणायची, हे लहानपणापासून अंगवळणी पडलेलं. अँजेलिनाही थांबली. बाहेरगावचे धावणारे तिला वळसा घालून पुढे जात राहिले. प्रार्थनेचे शब्द तिला आठवेनात.

कोण गेलं ते कुणालाच ठाऊक नव्हतं. पाणी देणाऱ्या टिफनीनं, तिच्या जुन्या विद्यार्थिनीनं, पटकन स्वतःचा फोन पुढे केला. पास्कलचा फोन वाजत राहिला, वाजत राहिला, बंद झाला. पुन्हा लावला. तेच.

अँजेलिना फाट्यावरून आत वळली. एवढ्या जोरानं ती आयुष्यात धावली नव्हती. श्वासाचा ताल गेला, बरगडीखाली सुरी फिरल्यागत कळ उठली. हो म्हटलं होतं, हो म्हटलं होतं, एवढंच डोक्यात. तिला बघून दारादारांत माणसं उभी राहिली. यावेळी कुणी काही विचारलं नाही.

घरात बय उशांना टेकून बसली होती. पास्कल तिला पेज भरवत होता. स्वयंपाकघरात जावेनं मिक्सर लावला होता आणि पास्कलचा फोन तिकडेच, ओट्यावर.

"घंटा?" अँजेलिनाला एवढंच बोलता आलं.

"फाट्याकडच्या सॅन्टनची आई गेली," पास्कल म्हणाला. "तू इथं कशी?"

सॅन्टनची आई. अँजेलिनाला इतकं हायसं वाटलं की ती भिंतीला टेकून हसलीच. मग बयची नजर तिच्यावर पडली आणि हसू तिथंच विरलं.

"संपली शर्यत?"

"नाही."

बयला उमगलं. तिनं अँजेलिनाचं ओलं मनगट थोडा वेळ धरलं, मग हात चादरीला पुसला. "किती घाम तो. जा आता."

तिची जाऊ म्हणत होती, आता कसली शर्यत, बस, चहा टाकते. पास्कलनं स्कूटरची किल्ली घेतली, फाट्याच्या पुढे सोडतो म्हणाला. अँजेलिना त्याच्यावर खेकसली. स्कूटरवर बसूनच पुढे जायचं असतं तर धावले कशाला असते?

परतीच्या वाटेवर सॅन्टनचं घर; येताना तिचं तिकडे लक्षच गेलं नव्हतं. टेम्पोतून खुर्च्या उतरत होत्या. मयताच्या घरावरून धावत जाता येत नाही. तिनं टोपी काढली आणि चालू लागली. छातीवरचा शर्यतीचा नंबर तिनं हातानं झाकून पाहिला. तो मोठा होता, झाकला जाईना. फाटकात सॅन्टन उभा होता, डोळे सुजलेले.

"आत्ता नको," तो म्हणाला. "संध्याकाळी ये."

समजूतदारपणानं म्हणाला की दुखावून, तिला कळलं नाही. मघाचं आपलं हसणं त्याच्या कानावर गेल्यासारखं तिला उगीचच वाटलं. कुंपण संपेपर्यंत ती चालत राहिली.

फाट्यावर बॅंड नव्हता. रस्ताभर कागदी पेले, संत्र्यांची सालं. मागे राहिलेल्यांना उचलणारी बस हळूहळू येत होती. त्यातल्या माणसानं दार उघडून तिला बोलावलं, की बाई, वेळ संपत आली, बसा. तिनं नकारार्थी मान हलवली. पिंढऱ्यांचे गोळे झाले होते, पाय लाकडासारखे पडत होते. मग थोड्या अंतरावर ते सुटले आणि श्वास पुन्हा चालू लागला. पण डोकं काही रिकामं झालं नाही. पुढे धावताना तिचे कान सगळा वेळ मागे, चर्चच्या दिशेला लागून राहिले.